बिनआवाजाचं पुस्तक

प्रिय मनू,

परवा तुझा फोन आला आणि मी नेहमीप्रमाणे आंब्याच्या मोहोराचंच बोलत बसलो. मनातलं राहिलंच, म्हणून लिहितोय.

इथे पालीच्या शाळेला माजी विद्यार्थ्यांनी क्लॅरिनेट दिल्या आहेत आणि मुख्याध्यापिका राजश्रीबाईंनी शिकवायचं, पुस्तक निवडायचं काम या निवृत्त बँडमास्तराच्या गळ्यात घातलंय. जेवणाच्या टेबलावर पुस्तकंच पुस्तकं. ताट मांडीवर घेऊन जेवतो. एकातली अक्षरं मुंगीएवढी. दुसरं दिसायला देखणं, पानावर मोबाइल धरला की प्रत्येक धडा वाजवूनही दाखवतं. पण भारी घाईचं. कोवळी बोटं भोकांवर नीट बसायच्या आत पोरांना वरच्या सप्तकात उडी मारायला लावतं. नुसत्या किंचाळ्या निघतील! त्यात गाणी बर्फावरची. आमच्या पोरांनी बर्फ पाहिलाय तो गोळेवाल्याकडचा. तिसरं मात्र शहाणं आहे, पाच स्वरांत निवांत रमतं. फक्त त्याला रेकॉर्डिंग नाही.

पहिल्याच तासाला सानिका नावाची चुणचुणीत पोर म्हणाली, "सर, तुम्हीच वाजवून दाखवा ना हो." मी फळ्याकडे वळलो आणि उगाच काहीतरी खरडत राहिलो. कवळी बसवल्यापासून माउथपीस दातांत धरवत नाही गं. फुंकलं की क्लॅरिनेटच्या आधी कवळी वाजते. हसलीस ना? हस. मला मात्र त्या दिवशी रडू आलं.

तू नोकरीसाठी ठाण्याला जायच्या आदल्या संध्याकाळी ओटीवर वाजवत होतीस आणि मी मागीलदारी बांगडे साफ करत होतो. तिकडे शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून तू क्लॅरिनेटची पेटी तिथल्या घराच्या माळ्यावर टाकलीस, ती तिथेच राहिली. आपण शेवटचं ऐकतोय हे कळलं असतं, तर बांगडे मांजरीला घालून तुझ्यासमोर येऊन बसलो असतो. फार चुटपुट लागते.

काल तिसरं पुस्तक पक्कं केलं. रेकॉर्डिंग नाही म्हणून राजश्रीबाई कुरकुरल्या. मी म्हटलं, आवाजाची सोय माझ्याकडे लागली. पुस्तकाची एक प्रत सोबत पाठवतोय. पेटी खाली काढ, माउथपीसला नवी रीड लाव, शेजाऱ्यांना एका रविवारपुरतं सांगून ठेव आणि सुरुवातीचे धडे वाजवून मोबाइलवर पाठव. चुकलीस तरी तसंच राहू दे. पोरांना सोमवारी ऐकवीन. रविवारी मी एकटाच ऐकणार आहे, हात धुऊन.

तुझाच,
बाबा