आबांची शाळेतली नोंद

पाचोरा,
ता. १६ जून २०२५

ती. संघमित्राअक्कास,
राजदीपचा सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू ऐकलं नाहीसं दाखवतेस, म्हणून कागद घेतला. आई गुडघे सोडून ठणठणीत आहे. मृणालीला 'नीट'मध्ये चांगले मार्क पडले. पेढे पाठवणार होतो, पण आता तोंड गोड करावंसं वाटत नाही.

पोरीच्या जात पडताळणीचं सगळं आबांच्या शाळेतल्या नोंदीवर आहे, हे तुला ठाऊक आहे. १९५०च्या आधीचा, जात लिहिलेला दुसरा कागद आपल्याकडे नाही. जन्म-मृत्यू नोंदवणाऱ्या कोतवाल बुकाची ती पानं तहसिलात चुरा होऊन गेली, आणि जमीन आपल्याला कधी नव्हतीच. गावच्या संत अंतोन शाळेच्या पहिल्या रजिस्टरात १९४६ साली आपलं नाव चढलं, असं आबा नेहमी सांगायचे, म्हणून मी निर्धास्त होतो.

गेल्या आठवड्यात समितीचे दक्षता अधिकारी शाळेत जाऊन रजिस्टर बघून आले. आबांच्या नावापुढे जातीच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिलं आहे. अधिकाऱ्यांनी मला बोलावून विचारलं, की धर्मांतर छप्पन्न सालचं, मग शेहेचाळीस साली सात वर्षांचा पोरगा बौद्ध कसा? त्याच पानावर आपल्या वस्तीतली आणखी चार मुलं आहेत आणि चौघांपुढे 'महार' आहे. एकट्या यादवच्याच, म्हणजे आबांच्याच, नोंदीशी कोणीतरी खेळ केलाय, कागद बनावट दिसतो, असं ते तोंडावर म्हणाले. मी मान खाली घालून बसलो होतो.

सुनावणी १४ जुलैला आहे. तोवर खुलासा झाला नाही तर दाखला गेला, आणि त्याच्यामागे पोरीची डॉक्टरकी. मला मुख्याध्यापिका सिस्टर दिपमालांचा संशय येतो. रजिस्टर दाखवा म्हटलं तर त्यांनी तीनदा का-कू केली. तू त्या शाळेत तीस-पस्तीस वर्षं शिकवलंस, आता तिचा इतिहास लिहायला घेतला आहेस. काय ते शोधून काढ.

तुझी माया अशीच राहू दे.
तुझा,
राजदीप

---

देवपूर, धुळे,
ता. २१ जून २०२५

चि. राजदीपला अक्काचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

पत्र मिळालं. मृणालीचं कौतुक एका ओळीत उरकलंस, हे मला आवडलं नाही. तिला माझ्याकडून एक नवी साडी. नेसणार नाही हे माहीत असूनही.

सिस्टरांवर उगाच डूख धरू नकोस. बाई केरळातून आली, पण आता आपल्यापेक्षा शुद्ध मराठी बोलते. का-कू तिनं केली, कारण रजिस्टर बाहेर द्यायचं नाही असा नियमच आहे. शाळेला ऐंशी वर्षं होतात म्हणून स्मरणिकेचं काम तिनंच माझ्या गळ्यात घातलं, आणि खरं सांगते, ते करताना मी रमले आहे.

संशय तर त्या शाळेच्या पायातच आहे बघ. पंचेचाळीस साली फादर कार्व्हालोंनी बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात अकरा पोरं गोळा केली. धनसिंग मास्तर शिकवायला. फादर दुपारी लापशी द्यायचे, तर लापशी खाल्ली की पोरगं बाटतं, असं गावात पसरलं. वर सगळ्यांना पाणी एकाच रांजणातलं. आठवड्यात सात पोरं घरी नेली गेली. उरली चार, आणि पुढच्या वर्षी आपले आबा धरून वस्तीतली पाच आली. आपले आजोबाही काही कमी नव्हते. रोज संध्याकाळी आबांचा सदरा उघडून बघायचे, फादरनं गळ्यात क्रूस तर अडकवला नाही ना. चार वर्षं रोज बघितलं. आबा हे सांगताना इतके हसायचे की त्यांना ठसका लागायचा.

तुझ्या कामाचं म्हणशील, तर जुन्या दप्तराच्या नकला होतात आणि नकला करताना चुका होतात. सगळ्याच चुकांमागे चोर नसतो. वकिलाला विचार, दुसरा एखादा पुरावा चालतो का. आबांच्या चुलतभावाकडचं काही असेल तर बघ. शाळेच्या मागे फार लागू नकोस, एवढं माझं ऐक.

आईला गुडघ्याला लावायला तेल पाठवते आहे. सगळ्यांवर लोभ आहेच.
तुझी,
अक्का

---

पाचोरा,
ता. २८ जून २०२५

ती. अक्कास, सविनय जयभीम.

तुझ्या पत्रात आजोबा आहेत, लापशी आहे, आईचं तेलसुद्धा आहे. मी विचारलं त्याचं उत्तर तेवढं नाही. शाळेच्या मागे लागू नकोस म्हणजे काय? तू कोणाला पाठीशी घालतेस का? असं विचारावं लागतं याचं वाईट वाटतं, पण सध्या मला रात्रंदिवस सगळ्यांचाच संशय येतो.

मी शाळेत जाऊन बसलो. शेवटी सिस्टरांनी त्यांच्यासमोर बघू दिलं. पंचेचाळीस ते बावन्न, सगळी पानं एका हातानं, एका शाईनं लिहिलेली. मूळ रजिस्टर वाळवीनं खाल्लं म्हणून एक्याऐंशी साली नक्कल झाली, असं पहिल्या पानावर आहे. खाली तेव्हाच्या हेडमास्तरांची सही, ते आता नाहीत. मूळ प्रत कुठे गेली ते सिस्टरांना माहीत नाही. तेव्हा कारकून कोण, तर नजीरभाई.

मग मी नजीरभाईंच्या घरी गेलो. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, नजर अजून घारीची. मी मोबाइलवर पानाचा फोटो दाखवला. त्यांनी तो बराच वेळ बघितला, मोबाइल उलटा करून ठेवला आणि अक्षर कोणाचं ते आपल्याला सांगता यायचं नाही म्हणाले. 'येत नाही' नव्हे, 'यायचं नाही'. मूळ प्रतीचं विचारलं तर मलाच विचारतात, संघमित्राबाईंची तब्येत कशी आहे! माझं डोकं फिरलं. त्यांच्या सुनेसमोर, सितारासमोर, मी नाही नाही ते बोललो. आमच्या बापाची जात पुसायला कोणी सांगितलं होतं, असंही विचारलं. ते उठून आत गेले.

मंगळवारी मी त्यांच्या नावानं पोलिसांत तक्रार देणार आहे. आईला सांगितलं, तर ती माझ्यावरच उखडली. म्हणे, बठ्ठं कागदमाच शे का, नजीर आपला माणूस शे. सगळं कागदातच असतं का, असं म्हणायला तिला काय जातं! आईचं सोड. फोटोची प्रिंट सोबत पाठवतो. तू ऐंशी सालापासून तिथे होतीस, तुला अक्षर ओळखता येईल. तेवढं कर, मग माझं तुझ्याकडे काही मागणं नाही.

तुझा,
राजदीप

---

देवपूर, धुळे,
ता. २ जुलै २०२५

चि. राजदीप,

काल शेजारच्या रूहीकडून तुला फोनवर निरोप धाडला, की तक्रार देऊ नकोस. तू दिली नाहीस, हे कळलं. आता कारण वाच, आणि बसून वाच.

अक्षर माझं आहे.

मला नोकरीला लागून वर्ष झालं होतं. वय बावीस. माझं अक्षर चांगलं म्हणून हेडमास्तरांनी नकलेचं काम मला दिलं. सुट्टीत एकटी बसून मी पान-पान उतरवत होते. शेहेचाळीस सालावर आले आणि आबांचं नाव आलं. पुढे तो शब्द. आबांनी दीक्षा घेतल्यावर तो शब्द आपल्या घरात कधी उच्चारला नव्हता. मला पाटी दिली तेव्हा म्हणाले होते, की आपण काय आहोत ते आता आपण लिहायचं. आणि त्यांच्या लेकीनं स्वतःच्या हातानं त्यांच्या नावापुढे तोच शब्द लिहायचा? माझ्यानं झालं नाही. मी 'बौद्ध' लिहिलं. लिहून झाल्यावर मला इतका आनंद झाला, की घरी येऊन मी आबांना सांगणार होते. सांगितलं नाही, एवढंच.

पुढे कोणी तो कागद मागेल, त्या शब्दाशिवाय आपल्या पोरीचं अडेल, हे मला तेव्हा सुचलंसुद्धा नाही. पण राजदीप, ज्याची मला खरी लाज वाटते ते वेगळंच आहे. बाकीच्या चार मुलांपुढे तो शब्द मी जसाच्या तसा लिहिला. चौघंही आपल्याच वस्तीतली. त्यांच्या वेळी माझा हात जरासुद्धा अडला नाही.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच मला कळलं होतं. मी घाबरले. शाळेचं दप्तर बदललं म्हणजे गुन्हा. पेन्शन जाईल, स्मरणिकेत आपलं तोंड काळं होईल, असलं मनात आलं. पोरीचं आधी यायला हवं होतं, ते नंतर आलं. तुझ्या शिव्या नजीरभाईंनी माझ्यासाठी खाल्ल्या. त्यांना माझं अक्षर पाठ आहे, पंचवीस वर्षं त्यांनी माझ्या हजेऱ्या तपासल्या.

मी शनिवारी गावी येते आहे. अधिकाऱ्यांना बोलावून घे. मी सांगेन काय ते.

आशीर्वाद द्यायचा मला आज धीर होत नाही.
अक्का

---

पाचोरा,
ता. ४ जुलै २०२५

अक्कास,

अधिकारी शनिवारी अकरा वाजता शाळेत येतील, हे रूहीला फोनवर कळवलंच आहे. मी येणार नाही. मला तुझ्यासमोर उभं राहवणार नाही. सोळा तारखेच्या माझ्या पत्रानंतर तू मला आजोबांच्या गमती लिहून पाठवल्यास आणि मी इथे एका म्हाताऱ्या माणसाला चोर ठरवत फिरत होतो.

मृणालीनं तुझं पत्र वाचलं. संध्याकाळी मला म्हणाली, की आत्यानं केलं ते तिनंही केलं असतं. मी तिच्यावरही ओरडलो.

तुझ्या कबुलीनं एवढंच सिद्ध होईल, की नोंद खोटी आहे. खरी काय होती ते कशावरून सांगणार?

राजदीप

---

देवपूर, धुळे,
ता. ७ जुलै २०२५

चि. राजदीपला आणि घरातल्या सगळ्यांना जयभीम.

तू आला नाहीस ते ठीकच झालं. शनिवारी काय झालं ते क्रमानं सांगते.

मी शाळेत पोचले तर ऑफिसबाहेर बाकावर नजीरभाई बसलेले. सितारानं त्यांना रिक्षानं आणलं होतं. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. मी गावात येणार आणि अधिकारीही येणार, एवढं आईकडून कळलं होतं म्हणे. त्यांनी सिस्टरांकडे चर्चमधल्या कपाटाची किल्ली मागितली. त्या कपाटात बाप्तिस्म्याची जुनी पुस्तकं असतात, त्यामुळे शाळेचं म्हणून तिथे कोणी कधी बघितलं नव्हतं. सगळ्यात खालून त्यांनी कापडात बांधलेलं एक दप्तर काढलं. हेडमास्तरांनी मूळ रजिस्टर जाळून टाक म्हणून सांगितलं होतं. नजीरभाईंनी नक्कल ताडून बघितली, आबांची ओळ बघितली, आणि जाळलं नाही. तक्रार केली असती तर माझी नोकरी गेली असती, म्हणून ते बोललेही नाहीत. पण खरा कागद नाहीसा करणंही त्यांना पटेना, म्हणून तो पवित्र पुस्तकांच्या खाली ठेवला. चव्वेचाळीस वर्षं. तुला सांगितलं नाही, कारण ते काढलं की मी उघडी पडणार होते. मीच आल्यावर त्यांची अडचण संपली.

कडा वाळवीनं खाल्ल्यात, पण आबांची ओळ शाबूत आहे. धनसिंग मास्तरांचं अक्षर, निळी-काळी शाई. अधिकाऱ्यांनी भिंगानं पाहिलं, फोटो काढले आणि ही अस्सल नोंद असल्याचं आपण समितीला कळवू म्हणाले. मृणालीचं काम अडायचं नाही, असं त्यांच्या बोलण्यावरून दिसतं. माझं काय करायचं ते शिक्षण खातं ठरवेल. ठरवू दे.

मग त्यांनी मला जबाब लिहायला सांगितला. माझ्याच अक्षरात हवा, म्हणजे नकलेशी ताडता येईल. मी मूळ नोंदीत माझ्या वडिलांच्या नावापुढे, इथपर्यंत लिहिलं आणि थांबले. साहेब खिडकीकडे बघत राहिले. सिस्टरांनी पाणी आणून ठेवलं. नजीरभाई हळूच म्हणाले, की बाई, तेवढा शब्द मी लिहू का, साहेब हरकत घेणार नाहीत. मी नको म्हटलं.

समोरच्या पानावर आबांच्या वर-खाली त्या चौघांची नावं होती. ती मी एकदा वाचली. मग तो शब्द आबांच्या नावापुढे लिहिला, आणि खाली सही केली.

नजीरभाईंच्या घरी तू जा. मी सांगते म्हणून जाऊ नकोस, पण जा. माझ्यावरचा राग मावळला तर बरं, नाही मावळला तरी कळवत जा.

तुझी,
अक्का