सॅम्पलचं माप

१४ ऑक्टोबर, सोमवार

प्रिय ढबू,

अनेक आशीर्वाद. ढबू म्हणायचं नाही अशी तंबी तू मागच्या खेपेला दिली होतीस, पण तोंडात बसलेलं नाव हातातूनही तसंच उतरतं, त्याला मी काय करू?

इकडे सगळे बरे आहेत. माझा गुडघा कुरकुर करतो, पण दिवसभर कटिंगच्या टेबलाशी उभ्या राहणाऱ्या बाईचा गुडघा काय गाणी म्हणणार? तुझे काका निवृत्त झाल्यापासून घरातल्या नळांच्या मागे लागलेत. आता एकही नळ गळत नाही आणि एकही नळ धड उघडत नाही. शेजारीण आपला नळ दाखवायला बोलवायला आली, तर मी तिला दारातूनच परत पाठवलं. तिच्याच भल्यासाठी.

तू म्हणशील, पत्र कशाला, फोन काय मेलाय? अगं, फोनवर तू ‘हो गं मावशी, जेवले, भरपूर जेवले’ म्हणतेस आणि लगेच तुला दुसरा फोन येतो. कागदाचं तसं नसतं. म्हणून लिहायला बसले.

कारखान्यातली बातमी म्हणजे हंगाम संपला आणि शनिवारी सॅम्पलची विक्री झाली. मॅडमनी नेहमीप्रमाणे हंगामात डिझाइन केलेल्या कपड्यांचे सगळे नमुने टेबलावर पसरले आणि म्हणाल्या, “घ्या गं, कापडाच्या भावात.” मग काय, झुंबड! ज्या कोटासाठी दुकानात बायका अख्खा पगार ओततात, तो इथे साध्या बाजारी सदऱ्याच्या किमतीला. अडचण एवढीच, की कोणाच्या अंगाला बसेल तर शपथ. आमच्या बटणवालीने एक झगा डोक्यातून घातला तो खांद्यावरच अडकला. आत जाईना, बाहेर येईना. आम्ही तिघींनी ओढून तिची सुटका केली. घाम पुसत ती म्हणाली, “या मॅडम कपडे माणसांसाठी शिवतात की हँगरसाठी?” तर इस्त्रीवाले आजोबा म्हणतात कसे, “हँगरच बरे बाई. जेवायला मागत नाहीत.”

सगळे पोट धरून हसले. मी हसले नाही.

बढतीच्या मुलाखतीसाठी तुला हवा होता तो काळा कोट होता, मोठ्या कॉलरचा, रेशमी अस्तराचा. मी घेतला. त्याचं पुढे लिहिते.

तुझी आई खुशीत होती. होती, असंच म्हणायला हवं आता. तुझे ऑफिसातले फोटो ती बिल्डिंगभर दाखवत फिरायची. “माझी लेक डिझायनरचे कपडे घालते, तेही मातीमोल भावात! बहीण कारखान्यात असल्याचा एवढा तरी फायदा.” आणि मी फुगायची. खोटं कशाला बोलू? ती बड्या लोकांना घरं विकणारी कंपनी तुला मिळाली आणि पहिल्याच आठवड्यात तू रडत फोन केलास, की इथल्या मुली चपलेपासून केसांपर्यंत नजरेने मोजतात. तेव्हा मी तुला सॅम्पलमधला निळा ड्रेस आणून दिला. जसाच्या तसा बसला, एक टाका घालावा लागला नाही. कारखान्यातल्या सगळ्यांच्या लेकी, सुना, भाच्यांमध्ये तू एकटी त्या मापाची निघालीस. आम्हाला घबाडच सापडलं.

इथे पेन ठेवून मी भांडी घासून आले. मग ओटा पुसला. मग पुसलेला ओटा पुन्हा पुसला. काकांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, “लिही आता.” तर लिहिते.

सॅम्पलचं माप कायम एकच नसतं, ढबू. मॅडमच्या समोर कपडे घालून उभी राहते ती फिटिंगची मुलगी. ती बदलली, की माप बदलतं. त्या निळ्या ड्रेसनंतर मुलगी दोनदा बदलली आणि दोन्ही वेळा आधीच्यापेक्षा बारीक आली. मॅडमना फोटोत तसंच आवडतं. नव्या मापाचे कागद कापते कोण? मीच. कंबर आत, छाती आत, खांदा आत. तेच कपडे दर हंगामाला तुला पाठवत गेले आणि तू कळवत गेलीस, ‘मस्त बसला गं मावशी.’

एकदाही म्हणाली नाहीस, की घट्ट होतो.

जन्म कापड कापण्यात गेला माझा. कपडा लहान होत चाललाय आणि तरी बसतोय, तर आतलं माणूस कुठे चाललंय, हा प्रश्न माझ्या डोक्यात यायला नको? नाही आला. जवळजवळ फुकटात मिळत होतं ना, मग कोण कशाला विचारतंय!

गेल्या महिन्यात तू राहायला आलीस तेव्हा उकाड्याने आम्ही वैतागलो होतो आणि तू पूर्ण बाह्यांचा स्वेटर काढायला तयार नव्हतीस. तू ताटातलं नुसतं इकडचं तिकडे करत होतीस. सकाळी कचऱ्याच्या डब्यात कागदी रुमालात गुंडाळलेले घास सापडले. काकांनी मला हळूच विचारलं, “पोरगी आजारी आहे का गं?” तर मी त्यांच्यावरच खेकसले, “तुम्हाला फॅशनमधलं काय कळतं?” ज्या माणसाला नळ कळत नाही, त्याला ते कळलं होतं. मला नाही.

मग तुला टॉवेल द्यायला आले आणि तुझी पाठ दिसली, मणके मोजता येतील अशी. तू पटकन वळलीस. “आईला सांगू नकोस, तुला माझी शपथ आहे.” मी काही बोलायच्या आत तू स्कर्ट माझ्यापुढे धरलास, “कंबरेत जरा आत घेऊन दे ना, सैल होतोय.” सॅम्पलचा स्कर्ट, आणि सैल! आणि मी घेतला आत. चष्मा लावला, टाचण्या तोंडात धरल्या आणि गुमान आत घेतला. तोंडात टाचण्या होत्या म्हणून बोलता आलं नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. त्या रात्रीपासून मला अन्न गोड लागत नाही.

आमच्याकडे पॅकिंगला एक मुलगी आहे. मधल्या काळात तीच फिटिंगला उभी राहायची. आता गाल वर आलेत, स्वतःचा डबा संपवून माझ्या डब्यात हात घालते. शनिवारच्या विक्रीनंतर तिला बाजूला घेतलं आणि त्या दिवसांबद्दल सहज विचारल्यासारखं विचारलं. ती थट्टेवारी नेईल असं वाटलं होतं. पण ती दोरा गुंडाळायची थांबली. म्हणाली, “मावशी, त्या मापात असताना माझी पाळी बंद झाली होती. जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. मॅडम म्हणायच्या वा, घरचे म्हणायचे वा. एकाने जरी विचारलं असतं ना, की बाई गं, हे काय करून घेतलंस, तर मी तिथल्या तिथे रडले असते.”

हे तिचं माप. तुझं त्याच्याही खालचं आहे. आणि तिला निदान त्याचा पगार मिळत होता. तुला काय मिळालं गं, स्वस्तातला कोट?

तर आता ऐक. काल मी ताईकडे, तुझ्या आईकडे गेले आणि तिला सगळं सांगितलं. शपथ मोडली. आधी ती माझ्याच अंगावर आली. “माझ्या मुलीचं चांगलं बघवत नाही तुला,” इथपर्यंत बोलली. मी ऐकून घेतलं. मग तिने फोनमधले तुझे फोटो उघडले, पहिल्या दिवसापासूनचे, आणि एकेक बघत गेली. चौथ्या-पाचव्या फोटोवर तिचं बोट थांबलं. फोन बाजूला ठेवला, माझा हात धरला आणि म्हणाली, “कधी निघायचं?”

येत्या शनिवारी आम्ही दोघी तुझ्याकडे येतोय. डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली आहे. पॅकिंगवालीला त्यांनीच बरं केलं. त्या रागवत नाहीत, तराजूवर चढवून भाषण देत नाहीत, आधी ऐकून घेतात म्हणे. तू दार उघडलं नाहीस तर आम्ही पायरीवर बसू. ताई उशी घेऊन येणार आहे आणि तुला तिचा स्वभाव माहीत आहे, ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सगळी हकिकत सांगेल. तेव्हा उघडलेलं बरं.

कोट तुला मिळणार नाही. मोठा करता येतो का म्हणून मी त्याच्या शिवणी उसवून पाहिल्या. सॅम्पलच्या आत सोडायला कापडच नसतं, बोटभरसुद्धा. उसवलेला तसाच पडलाय. तुझी बढतीची मुलाखत साध्या कपड्यांत होईल किंवा होणार नाही. घरं काय, कोणीही विकेल.

मला माहीत आहे, हे वाचून तू पेटणार आहेस. मावशीने दगा दिला, म्हणशील. म्हण. माझ्याशी वर्षभर बोलू नकोस, दोन वर्षं बोलू नकोस. समोर आले तर तोंड फिरव, मी नाव ठेवणार नाही. पण माझ्याकडे पाठ फिरवायला तू असायला हवीस गं बाळा. एवढंच मागते.

तुझ्या अबोल्याची तयारी करून बसलेली,
तुझी मावशी