पखवाज देऊन टाकला

चिंचपोकळी, १९८३

विठोबा भावोजी,
काशीचा नमस्कार. गिरणीच्या संपाला वर्ष झालं. तुमचे दादा आधी चिडायचे, भांडायचे. आता एकदम शांत झालेत. आज त्यांनी जिवापाड जपलेला पखवाज शेजारच्या दौलतला देऊन टाकला. मग मला म्हणाले, "तू माहेरी नीट राहशील ना?"

मी भाकरी थापत होते. सरळच विचारलं, "जीव द्यायचं मनात आहे का तुमच्या?"

ते म्हणाले, "हो."

मला रडूसुद्धा आलं नाही. स्टोव्ह बंद केला आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले.

टपालानं पत्र पोचायला उशीर होईल, म्हणून हे पत्र घेऊन दौलतच एस्टीनं तुम्हाला आणायला निघालाय. सकाळी यांना डॉक्टरकडे नेते. लिहिताना डाव्या हातानं मी त्यांचा हात धरलाय. ते सोडवून घेत नाहीत.

तुमची वहिनी,
काशी