रतनची तिसरी हाक

मुक्काम : शेवटी कळवतो, आधी वाचा.
मार्गशीर्ष महिना. तिथी विचारून लिहीन.

वडीलबंधूच्या जागी असलेले मेव्हणे आनंदराव यांना तुमच्या दाजीचा, म्हंजे उत्रोलीच्या कुंडलिकाचा, दोन्ही हात जोडून रामराम. (हात जोडल्यावर लेखणी धरता येत न्हाई, म्हणून आधी जोडले आन मग लिहायला घेतलं.) आमी हितं खुशाल हाय, फकस्त हितं म्हंजे कुठं ते आमाला बराच येळ समजलं नव्हतं. तुमची तब्येत कशी हाये? वहिनींचं बाळ आता धरून हुबं राहायला लागलं असंल. म्हशीचा पाय बरा झाला का? आमचं भात घरात आलं, दाणा चांगला भरलाय, पर खायला मी एकटा. म्हणून तर हे पत्र.

रतन संक्रांतीनंतर वहिनींच्या बाळंतपणासाठी तुमच्याकडं आली आन शिमगा झाला की म्या तिला न्यायला यायचं, असं ठरलं होतं. आता परवा भोरच्या बाजारात तुमच्या गावची साळूबाई भेटली. तिनं चार बायांदेखत निरोप सांगितला, की रतन म्हणतीया, मी नको असंल तर तसं तोंडानं सांगावं, रानातनं पळून जाऊ नये. आनंदराव, मीठ घ्यायला गेलो होतो, ते न घेताच घरी आलो आन तशीच अळणी आमटी प्यालो. मी आलो न्हाई, हे खोटं हाये. मी लई येळा आलो. पोचलो न्हाई एवढंच.

आपल्या दोघांच्या मधलं हे संस्थानचं जंगल. रतन म्हणती, बाराही महिने डोळं झाकून जाता येतं. मी डोळं उघडं ठेवून जातो, तिथंच चुकत असंल. (लग्नानंतर पहिल्यांदा त्या वाटेनं आलो तवा ती म्होरं चालत होती आन मी मागनं. वाट बघितलीच न्हाई, बघत होतो ते दुसरंच.) तर चैत्रात निघालो. समदी पानं गळालेली, पाचोळ्यानं वाट बी झाकलेली आन रान बी. जिथं पाचोळा तुडवलेला दिसला तिथनं चालत राहिलो. तो रानडुकरांनी तुडवलेला होता, आन त्यांची सासुरवाडी तुमच्या गावात न्हाई. दिवस मावळायला बाहेर पडलो तो शिवऱ्यात, सडकेवर, म्हंजे पार उलटीकडं! तिथं महंमदभाई म्हणून नालबंद बैलाला नाल ठोकत होते. म्या सांगितलं, सासुरवाडीला निघालोय. त्यांनी अदबीनं गूळपाणी दिलं आन विचारलं, शिवऱ्यात कुणाचे जावई? आता काय सांगणार, कप्पाळ!

श्रावणात पुन्हा निघालो. तवर भाटघरच्या धरणाचं पाणी चढून चैत्रात चुकलेली वाटसुद्धा पाण्याखाली गेली होती, म्हंजे चुकायलाबी नवी हुडकावी लागली. पर ह्या खेपेला म्या डोकं चालवलं. जाता जाता एकेक डहाळी मोडून खूण करत गेलो. मधी काळकाईची देवराई लागली. तिथली काडीसुद्धा मोडायची न्हाई, हे तुमाला मी काय सांगावं? खुणा थांबल्या. वहाणा हातात घेतल्या, धुक्यात देवीला प्रदक्षिणा घातली (घालायलाच पायजे), आन त्यानंतर तोंड कुणीकडं होतं तेच इसारलो. राईच्या भाईर आलो तर काय, वाटेनं डहाळ्या मोडलेल्या! म्हटलं, कुणीतरी शहाणा माणूस आधी गेलेला दिसतो. त्याच्या खुणा धरून गाणं म्हणत चाललो आन थेट उत्रोलीत माझ्याच दारात आलो. त्या शहाण्याचं नाव तुमाला कळलंच असंल.

आता कार्तिकातलं सांगतो, कारण भांडण त्यावरच हाये. तवा मात्र मला चकवाच लागला. एकच जांभळीचं झाड पुन्हापुन्हा समोर यायला लागलं. म्या रीतीपरमाणं डावी वहाण उजव्या पायात घातली, उजवी डाव्यात, बंडी उलटी करून घातली. (एक गुराखी लांबनं बघून गुरं तिथंच टाकून पळाला. त्याला वाट विचारायची होती.) एवढ्यात राईच्या कडंनं आवाज आला, "अहो!" हुबेहूब रतनचा. आमच्या धोंडाआत्यानं लहानपणापास्नं बजावलंय, की रानात वळखीच्या आवाजात हाक आली तरी तिसऱ्या हाकंबिगर ओ द्यायची न्हाई. चकवा दोनदाच हाक मारतो, माणूस तिसऱ्यांदा मारतं. मी श्वास धरून हुबा. दुसरी हाक आली, "अहो, ऐकताय नव्हं?" आता नाव घेऊन हाक आली असती तर गोष्टच निराळी, ते नक्कीच भूत, कारण लग्नातल्या उखाण्यानंतर रतननं माझं नाव घेतलेलं न्हाई. मी तिसरीची वाट बघत बसलो. तिसरी आलीच न्हाई. मग मी जो पळालो तो भाटघरच्या पाण्यापाशीच थांबलो.

आता साळूबाईकडनं कळलं, की ती रतनच होती. माझी वाट बघत रोज राईपतुर येत होती म्हणं. आनंदराव, हे ऐकून मला रडू आलं. पर तिसरी हाक मारायला काय झालं होतं? तुमच्या घराण्याचा ताठा, दुसरं काय! तिला सांगा, मी तिला बघून पळालो न्हाई, तिच्या आवाजाला भिऊन पळालो. (हे असंच्या असं सांगू नका.)

कळावे, लोभ हायेच, तो रतनकडंबी थोडा लावून द्यावा.
तुमचा दाजी, कुंडलिक

ता. क. मुक्काम लिहायचा राहिला. आज पुन्हा निघालो होतो. आता अंबूबाई म्हणून एका म्हातारीच्या ओसरीवर बसलोय. गाव कंचं विचारलं तर ती हसायलाच लागली. म्हणती, ह्यो तुमच्या सासुरवाडीचाच खालचा माळ, ओढ्यापल्याड भोपळ्याचा वेल चढलेलं छप्पर आनंदरावांचं. दिसतंय मला. अंगणात हिरवं लुगडं वाळत घातलंय, ते म्याच घेतलेलं.

ता. क. दुसरा. अंबूबाई म्हणती, मग पत्र कशाला, चला की माझ्याबरुबर. मी हितनं हलणार न्हाई. हललो तर पुन्हा शिवरं. तवा रतनलाच मला न्यायला धाडा. तिनं ओढ्याच्या काठावर हुबं राहून हाक मारावी. तीनदा मारावी, एवढं मात्र बजावून सांगा.

ता. क. तिसरा. अंबूबाई पत्र न्यायला दारात खोळंबलीय. वरचं तीनदाचं खोडलं असं समजा. एकदाच मारू दे, मी पहिल्या हाकंलाच ओ देतो. चकवा असला तर असला. तिच्या आवाजात बोलावतोय, तर जाईन त्याच्याबरुबर.