कॅप्सुलांतली नाचणी

श्रीवर्धन,
बुधवार, दुपार

ती. तात्या यांस,

मोरेश्वराचा साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी चार सध्या कामाची राहिलेली नाहीत, तेव्हा उरलेल्या चारांचा गोड मानून घ्यावा.) तुमचा गुडघा कसा आहे? माणगावात रस्त्याच्या धुळीने तुमचा खोकला वाढल्याचं तुमची बहीण, म्हणजे आमची गोदू, म्हणत होती. तिने तुमच्यासाठी आवळ्याचा मुरांबा घातला आहे, पण तो पोचवायचा कोणी यावर आमच्याकडे अजून विचार चालू आहे. आमच्याकडे सगळं क्षेम आहे असं लिहायचा रिवाज आहे, म्हणून लिहिलं.

फोन न करता पत्र का, असं तुम्हाला वाटेल. आमच्या घरात फोनवर बोललेलं विहिरीपर्यंत ऐकू जातं. मोबाइलवर लिहून पाठवावं, तर तुमचा मोबाइल असतो तुमच्या सूनबाईंच्या, म्हणजे क्षिप्राच्या, हातात, आणि हा मजकूर तिच्यापर्यंत एकदम जाऊ नये असं मला वाटतं. मुलगी गुणी आहे, कष्टाळू आहे, घरबसल्या तिने तो वजन कमी करायच्या गोळ्यांचा आणि पावडरींचा व्यवसाय उभा केला याचं मला कौतुकच आहे. पण तात्या, त्या गोळ्यांनी मला म्हातारा केलं. माझं वय अठ्ठावन्न असलं तरी दसऱ्यापर्यंत मी पन्नाशीचा दिसत होतो. (हे माझं मत आहे. गोदूचं वेगळं आहे.)

सुरुवात माझ्या तोंडाने झाली, हे आधीच कबूल करतो. नवरात्रानंतर आम्ही मुरूडला साखरपुड्याला गेलो होतो, ते तुम्हाला ठाऊक आहे. येताना आगरदांड्याहून दिघीला यायला लाँचमध्ये बसलो. लाँच एका बाजूला जरा कलली होती, म्हणून खलाशी ओरडला, चार माणसं तिकडून इकडे या. मी म्हटलं, "चार कशाला, हिला एकटीला हलवा." लाँच हसली. खलाशी हसला. एक कोंबड्यांची पाटी घेऊन बसलेली म्हातारी तर पदर तोंडाला लावून दिघी येईपर्यंत हसत होती. गोदू हसली नाही. ती दिघीपर्यंत पाण्याकडे बघत राहिली आणि दिघीपासून घरापर्यंत एसटीच्या खिडकीबाहेर. चौतीस वर्षांत मी तिला बरंच काही बोललो असेन, पण लोकांना हसवण्यासाठी कधी बोललो नव्हतो. त्याच वेळी माफी मागायला हवी होती. मागितली नाही. घरी येऊन सुपारीचा भाव काढत बसलो.

दुसऱ्या दिवशी तिने क्षिप्राला फोन केला आणि त्याच आठवड्यात पहिली डबी आली. साठ कॅप्सूल, सकाळी एक, संध्याकाळी एक. डबीवर एका बाईचं चित्र आहे, तिने आपली जुनी विजार हातभर पुढे ओढून धरली आहे. चार दिवसांत गोदूची छाती धडधडायला लागली. हात थरथरत, झोप उडाली, पहाटे उठून ती माजघर सारवल्यासारखं पुसत बसायची. मी तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डबी उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाले, यात काय काय घातलंय ते पुरतं लिहिलेलंही नाही, हे आधी बंद करा. भात थोडा कमी करा, रोज चाला, आणि खरंच औषध लागलं तर ते तपासून मी देईन. अगदी सरळ सांगितलं. घरी येताना गोदू म्हणाली, डॉक्टरांचं स्वतःचं पोट टेबलाला टेकतंय ते पाहिलंत का? आणि संध्याकाळची कॅप्सूल घेतली.

तुम्ही म्हणाल, नवरा ना तू, सांगायचं तिला, बंद कर म्हणून. सांगितलं, तात्या. तिने एवढंच विचारलं, "लाँचमध्ये बोलायला तोंड होतं ना? मग आता ते मिटा."

मग मी ठरवलं की डबी लवकर संपवायची. फेकाव्यात तर तिला संशय येणार, आणि घरात औषध फेकणं आमच्या आईपासून निषिद्ध. म्हणून रोज दोन कॅप्सूल मी स्वतः गिळू लागलो. माझं वजन तुम्हाला माहीत आहे. लग्नात तुम्हीच विचारलं होतं, नवरदेवाला वाऱ्यात धरून ठेवायला कोण आहे म्हणून. आता त्यावर वजन कमी करायच्या गोळ्या! तिसऱ्या दिवशी माझी भूक गेली. आठव्या दिवशी हातातला चहा बशीत न ओतता आपोआप ओतला जाऊ लागला. बागायतदारांच्या सोसायटीत सुपारी घालायला गेलो, तेव्हा आमच्या बागेत सुपाऱ्या काढायला चढतो तो भागोजी बरोबर होता. त्याने गंमत म्हणून मला काट्यावर उभं केलं, आकडा पाहिला, पुन्हा पाहिला. मग म्हणाला, "भाऊ, पोत्यापेक्षा हलकं झालाव. काय दुखना न्हाय ना?" सत्तेचाळीस किलो भरलो. दोन दिवसांत गावात बातमी झाली. लोक भेटायला येऊ लागले, आवाज खाली आणून बोलू लागले, आणि जाताना शहाळी ठेवून जाऊ लागले. नारळाच्या बागायतदाराला लोक शहाळी आणून देतात, तेव्हा गावाने त्याची आशा सोडली असं समजावं.

आणि एवढं सोसून मिळालं काय? डबी सतरा-अठरा दिवसांत संपली. गोदूने क्षिप्राला विचारलं, डबीत निम्म्याच भरतात का ग? त्या बिचारीने कंपनीकडे तक्रार केली. कंपनीने दिलगिरी म्हणून एक डबी फुकट पाठवली, आणि एक गोदूने मागवलेली होतीच. म्हणजे एकाच्या जागी दोन. त्या दिवशी मी बागेत जाऊन पाटाच्या कडेला नुसता बसून राहिलो.

तिथे बसल्या बसल्या नाचणी सुचली. कॅप्सुलेतली भुकटी तपकिरी, नाचणीचं पीठ तपकिरी. गोदू दुपारी पडली की मी ओटीवर चष्मा लावून, चुन्याच्या डबीतली काडी घेऊन बसतो. कॅप्सूल उघडायची, आतलं कागदावर झटकायचं (तो कागद मी खोल पुरतो, कारण कोंबड्यांनी खाल्लं तर त्यांचंही काही सांगता येत नाही), नाचणी भरायची, टोपण लावायचं. वाचायला सोपं आहे. आपली हवा अशी दमट की बोटाला चिकटलेली कॅप्सूल सुटता सुटत नाही. पहिल्या दहा एकमेकींना चिकटून त्यांची माळ झाली. पुढच्या खेपेला मुंग्या लागल्या. पीठ भाजून घ्यावं तर वास घरभर सुटेल, म्हणून कच्चंच भरतो. तासाला बारा होतात. हातात कसब येत चाललं आहे, पण या वयात ते कुठे दाखवायचं?

गुण मात्र आला. गोदूची धडधड थांबली, झोप परतली. अंगात हुशारी आली म्हणून ती संध्याकाळी समुद्रावर चालायला जाऊ लागली, आणि मागच्या आठवड्यात त्याच काट्यावर दोन किलो कमी भरली. मला आनंद होणार, इतक्यात ती म्हणाली, बघितलंत? कंपनीची दुसरी डबी जोरदार आहे. पहिलीत भेसळ असणार.

इथवर निभलं असतं. पण सध्या आमच्या अंगणात सुपारी सोलायला पाच बायका येतात. त्यांतली नीराबाई वयाने मोठी, रक्तदाबाची गोळी रोज घेते, गेल्या वर्षी दोनदा चक्कर येऊन पडली होती. गोदूने त्यांना आपल्या कॅप्सुलेचं माहात्म्य सांगितलं. नीराबाई म्हणाली, "बाय, मनापन दे गो. गुडघं जाम धरल्यात." गोदूने पाचही जणींसाठी एकेक डबी क्षिप्राकडे सांगितली, आणि क्षिप्रा त्या डब्या येत्या शनिवारी स्वतः घेऊन येते आहे. नाचणी भरलेली एक बाई मी सांभाळली. पाच घरांत जाऊन पाच डब्या उघडून भरणं माझ्याच्याने होणार नाही. आणि ती खरी गोळी नीराबाईच्या पोटात गेली आणि तिचं काही बरंवाईट झालं, तर ते माझ्या त्या एका वाक्याने झालं असं होईल. दोन दिवस जेवण जात नाही. (या वेळी कॅप्सूल न घेता.)

असो. पत्र लिहायला खास कारण काही नाही, सहज खुशाली कळवली. वहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. गुडघ्याला तेल लावत जावं.

आपला नम्र,
मोरेश्वर

ता. क. खास कारण नाही असं वर लिहिलं ते चुकून. शनिवारच्या आत त्या पाच डब्या थांबवा. क्षिप्राला दुखवू नका. डॉक्टरांनी काय सांगितलं ते सांगा, आणि नीराबाईच्या रक्तदाबाचं सांगा. समजूतदार आहे, ऐकेल. माझ्या नाचणीचं मात्र काढू नका. गोदूला कळलं की दोन महिने मी तिला फसवतोय, तर लाँचचं परवडलं म्हणायची वेळ येईल.

ता. ता. क. जमलं तर शनिवारी तुम्हीच या. मुरांबा घेऊन जा. आणि तुम्ही समोर असताना मला तिला एक सांगायचं आहे, एकट्याने सांगायला गेलो की सुपारीचा भाव बोलतो. गोदू मला आहे तशी हवी आहे. दसऱ्याच्या आधी होती तेवढी, किंवा आणखी थोडी.

तात्या, गोदूचा नमस्कार. पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडे भाताची चार शितं मागितली. या घरातली पाकिटं आजवर मीच चिकटवत आले, हे विसरले. म्हटलं, ठेवा, मी चिकटवते. भावाला लिहिलेलं पत्र वाचण्यात मला काही गैर वाटलं नाही.

नाचणीचा डबा माझ्या फडताळात असतो. तो रोज बोटभर खाली जातो, आणि मला कळणार नाही? तिसऱ्याच दिवशी कळलं. दाराआडून पाहिलं, तर हा माणूस नाकाच्या टोकावर चष्मा घेऊन, जीभ दातांत धरून, माझ्यासाठी कॅप्सूल भरत होता. चौतीस वर्षांत यांनी मला पाण्याचा तांब्या भरून दिलेला आठवत नाही. तेव्हापासून रोज दोन गिळते.

यांना संशय येऊ नये म्हणून बायकांपुढे कॅप्सुलेचं माहात्म्य गायले, आणि त्यांनी मागितल्यावर डब्याही सांगून बसले; नीराबाईचं मला सुचायला हवं होतं, ती माझी चूक. हे बागेत गेलेत, तेवढ्यात क्षिप्राला फोन करून पाचही डब्या नको म्हणून सांगितलं, माझीही नवी नको; आहे ती यांना भरायला पुष्कळ. तिला वाईट वाटलं, तेवढं तुम्ही बघा. शनिवारी मात्र नक्की या. यांना काय बोलायचंय ते बोलू द्या, आणि मी ते आधी वाचलंय हे चेहऱ्यावर दिसू देऊ नका. मीही देणार नाही.

एक काम करा. बोलता बोलता यांच्या कानावर घाला, की नाचणी नेहमी भाजून घ्यावी. कच्ची मला बाधते. मी सांगितलं तर भरायचे थांबतील.