उंटरलाउखबाख स्टेशन, शनिवार, दुपारी दोन बारा

आदरणीय ओटमारराव यांना ऑयगनचा मनापासून नमस्कार.

तुमचा उजवा गुडघा आता कसा आहे? ईस्टरच्या कार्डावर तो 'बरा' होता, पण तुमच्या घराण्यात मोडलेल्या पायालाही 'बरा' म्हणायची पद्धत असल्यामुळे मुद्दाम विचारतो. मधमाश्यांनी यंदा काही दिलं का? तुमच्याकडे आलेली पाहुणीही ठणठणीत असेलच. रोसविथा 'थोडे दिवस भावाकडे जाऊन येते' म्हणून निघाली, त्याला आज एकवीस दिवस झाले. (मी मोजत बसलेलो नाही. तळघरात कॅलेंडर टांगलेलं आहे, त्यावर सहज नजर जाते.) इकडे माझं उत्तम चाललं आहे. मसूर मी स्वतः शिजवतो आणि स्वतःच खातो. बांटलेबाई वरच्या मजल्यावरून रोज वास घेतात आणि काय शिजतंय ते विचारतात, पण चाखायला मागत नाहीत.

पत्र लिहायचं कारण इतकंच, की आमच्या तळघरातल्या छोट्या रेल्वेचं काम कुठवर आलं आहे हे तुम्हाला कळावं. अडतीस वर्षं तुम्ही खऱ्या रेल्वेत काढलीत. माझ्या गाडीला तुम्ही 'दातवाल्याचं खेळणं' म्हणता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. सोबत सात फोटो पाठवतो आहे. ते रोसविथाला दाखवायलाच हवेत अशी सक्ती नाही. पण न्याहारीच्या वेळी टेबलावर पडलेले असले, तर राहू द्यावेत.

फोटो पहिला : उंटरलाउखबाख स्टेशन, समोरून. मागे गुलाबी दिसतो तो डोंगर. मी जन्मभर कवळ्या केल्या, त्यामुळे निवृत्त होताना दवाखान्यात उरलेलं प्लास्टर मला मिळालं, आणि ते गुलाबीच येतं. वर गवत पेरलं की झाकलं जाईल. गवत म्हणजे हिरव्या धाग्यांची भुकटी. ती मी ओल लागू नये म्हणून स्वयंपाकघरात एका बरणीत ठेवली होती. शेजारच्या बरणीत वाळवलेली कांद्याची पात होती. आमच्या छोट्या रेल्वेवाल्यांच्या मंडळाचे अध्यक्ष झ्वीझेलेसाहेब पाहणीला आले त्या दिवशी बटाट्याच्या सॅलडवर कोणती बरणी उपडी झाली हे आता सांगता येणार नाही. साहेबांनी दोनदा मागून घेतलं, पात कुठल्या दुकानातली असं विचारलं, आणि डोंगराची एक बाजू अजून उघडी आहे.

फोटो दुसरा : तळघराच्या भिंतीतलं भोक. होहेनलाउख जंक्शन बटाट्यांच्या मांडणीवर मावेना, म्हणून ते पलीकडे इस्त्रीच्या खोलीत न्यावं लागलं. भिंत फोडण्याआधी मी रोसविथाला रीतसर विचारलं होतं. ती तेव्हा यंत्राखाली केस वाळवत होती. तिने मान हलवली. तिच्या म्हणण्याप्रमाणे ती केस झटकत होती. त्यानंतर चार महिने गाडी उशांच्या अभ्र्यांमधून धावली आणि अभ्रे वंगणाने काळे झाले, पण त्यावरही ती घर सोडून गेली नाही, हे मला तिच्याबद्दल मुद्दाम सांगावंसं वाटतं.

फोटो तिसरा चुकून आला आहे. त्यात आमचं स्वयंपाकघर आहे. भांडी घासून पालथी घातलेली दिसतात, ओटा पुसलेला दिसतो, आणि उजेड चांगला असल्यामुळे नळही चकाकतो. याचा रेल्वेशी संबंध नाही. तरी पाठवतो आहे, कारण पाकिटात जागा होती.

आता मूळ गोष्टीकडे येतो. आमच्या मंडळाचा नियम असा, की प्रत्येकाने आपल्या रेल्वेसाठी एक ठरावीक तारीख आणि वेळ निवडायची आणि त्या क्षणी जे होतं तेवढंच दाखवायचं. नंतर रंगवलेला खांब चालत नाही, आधी तोडलेलं झाड चालत नाही. (आमच्यातल्या एकाने दाट धुक्याची सकाळ निवडली. त्याचं काम लवकर आटोपलं.) मी निवडला १७ मे १९६९, शनिवार, दुपारी दोन वाजून बारा मिनिटं. हा दिवस तुम्हाला आठवत असेल. मी पहिल्यांदा तुमच्या घरी कॉफीला येणार होतो. रोसविथा मला घ्यायला स्टेशनवर आली होती, आणि मी दोन तास उशिरा, चार वीसच्या गाडीने, माना टाकलेली फुलं घेऊन उतरलो होतो. होहेनलाउखला आमची आधीची गाडी उशिरा पोचली आणि पुढची चुकली, असं मी तुमच्या वडिलांना सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला, केक वाढला, आणि पुढच्या वर्षी मुलगी दिली.

तर पाहणीचा दिवस. झ्वीझेलेसाहेबांनी भिंग लावून फलाटावरची माणसं मोजली. चौतीस भरली. साहेब रुळाच्या पट्टीवरचे खिळेसुद्धा मोजतात, तेव्हा चौतीस हे त्यांना किरकोळच होतं. रोसविथा जवळच प्लमचा केक कापत होती. ती वाकून बघायला लागली.

"ह्यात मी कुठाय रे?"

"कुठे म्हणजे?"

"अरे, मी होते ना तिथे! दोन बाराची गाडी माझ्या नाकासमोर थांबली. तीन माणसं उतरली, त्यात तू नव्हतास. मग चार वीसपर्यंत खांबासारखी उभी होते मी."

मी काय करायला हवं होतं, ते ओटमारराव, आता मलाही कळतं. कुठलाही शहाणा नवरा म्हणाला असता, राहिलंच की, आत्ता करतो. मी उठलो, कपाट उघडलं आणि १९६९ चं वेळापत्रक काढलं. पान उलगडून तिच्यापुढे, केकच्या शेजारी ठेवलं आणि म्हणालो, "रोसविथा, दोन बाराची गाडी शनिवारी उंटरलाउखबाखला थांबतच नाही. तेव्हा तू तिथे नसणार." झ्वीझेलेसाहेबांनी ओळीवर भिंग फिरवलं आणि म्हणाले, "थांबा नाही. बाईसाहेब, तुमची काहीतरी गल्लत होतेय."

तिने केकचा शेवटचा तुकडा कापला. मग म्हणाली, "बरं. तिथे नव्हते. मग मी इथेही नाही."

तिने साहेबांना केक वाढला, वर मलई घातली, सुरी धुऊन ठेवली. शनिवार होता आणि इमारतीचा जिना झाडायची त्या आठवड्याची पाळी आमची होती, म्हणून तो वरून खालपर्यंत झाडला, पुसला, आणि ज्याची पाळी त्याच्या दारावर लटकते ती झाडूची पाटी नेऊन पुढच्या आठवड्यासाठी बांटलेबाईंच्या दाराला अडकवली. मग बॅग भरली. आपल्याकडची बाई रागाच्या भरात झाडू टाकून गेली तर संध्याकाळपर्यंत परत येते. पाटी अडकवून गेली म्हणजे तिचं मन ठरलेलं असतं. एवढं कळण्याइतका मी या गावात राहिलो आहे.

त्यानंतर नवव्या दिवशी (त्या नऊ दिवसांत मी बरंच गवत पेरलं) ते वेळापत्रक जागेवर ठेवताना माझी नजर मुखपृष्ठावर गेली. उन्हाळी वेळापत्रक, एक जूनपासून लागू. म्हणजे सतरा मेला अजून हिवाळी वेळापत्रकच चालू होतं. मंडळात खूप शोधून ते मिळवलं. त्यात दोन बाराची गाडी उंटरलाउखबाखला रोज थांबते. शनिवारीही थांबते. पन्नास वर्षं संसार केलेल्या बाईने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं मी खोटं ठरवलं, आणि तेही चुकीच्या पुस्तकातून.

झ्वीझेलेसाहेबांना लगेच कळवलं. त्यांनी गांभीर्याने ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग फलाटावरचा वेळापत्रकाचा फलक आधी बदला." मी म्हटलं, "आणि बायकोचं काय?" त्यावर म्हणाले, "त्या माणसांच्या यादीत येतात. फलक इमारतीच्या यादीत येतो. इमारत आधी."

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं असं तुम्ही म्हणाल. मी तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तुम्ही उचललात, आणि तिन्ही वेळा आपण पावसावर बोललो.

फोटो चौथा आणि पाचवा : इस्त्रीची खोली. टेबल मोकळं केलं आहे. जंक्शन आता भिंतीवरच्या फळीवर गेलं आहे, आणि अभ्रे नवीन आहेत. फोटो सहावा : जिना. मधल्या काळात पाटी आमच्याकडे परत आली होती. बांटलेबाई म्हणाल्या, "कोपरे राहिलेत हो, फोल्मर." मी पुन्हा झाडले. फोटोत कोपरे दिसावेत म्हणून पायरीवर आडवा झालो होतो, त्यामुळे तो जरा तिरका आला आहे.

घर फार शांत आहे. गाडी वेळेवर सुटते, वेळेवर पोचते, आणि मध्येच कुणी जिन्यावरून 'बंद कर आणि जेवायला ये' म्हणून ओरडत नाही. पूर्वी मला हेच हवं होतं असं वाटायचं. मला तिची फार आठवण येते, ओटमारराव. हे वाक्य दोनदा खोडलं होतं, आता राहू दे.

गुडघ्याला जपा. वहिनींना नमस्कार, मधमाश्यांना लांबूनच.

तुमचा,
ऑयगन फोल्मर

ता. क. फोटो सातवा राहिला. त्यात होहेनलाउखला इंजिन फिरवायच्या चकतीजवळ एक माणूस पाठमोरा उभा आहे, हातात फुलं आहेत. तो मी. त्या शनिवारी आधीची गाडी उशिरा आली नव्हती. ती वेळेवर होती. पुढच्या गाडीला सहा मिनिटं होती, तेवढ्यात एक मालगाडीचं इंजिन चकतीवर आलं आणि मी बघत उभा राहिलो. त्याच्या नंबराचे शेवटचे आकडे ७१४. तुम्ही तेव्हा उंटरलाउखबाखला स्टेशनमास्तरची लाल टोपी घालून कामावर होता, जंक्शनचा फोन तुमच्याच कानाला होता. आमची गाडी वेळेवर आली होती हे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं, आणि पन्नास वर्षांत तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत. याबद्दल तुमचे आभार कसे मानावेत ते मला कळत नाही. हा ता. क. तिला वाचून दाखवा.

ता. क. दुसरा. पस्तिसावी बाहुली फलाटावर उभी केली आहे, तिकीटखिडकीच्या डाव्या बाजूला. तिचा फोटो पाठवलेला नाही, कारण तिला अजून रंग दिलेला नाही. इंजिनाचा नंबर मला आठवतो, पण तिने कोणत्या रंगाचा कोट घातला होता ते आठवत नाही. तुम्हालाही आठवणार नाही, तुम्ही गाडीकडे बघत असणार. तेव्हा तिलाच विचारा. मी विचारलं आहे असं सांगू नका. सांगितलंत तरी चालेल.