दोरीवरच्या दोन गाठी

प्रिय विसरभोळ्या,

आई जिवंत आहे एवढं तरी लक्षात आहे ना, की तेही डायरीत बघावं लागतं? चष्मा शोधत बसू नकोस, डोक्यावरच असेल.

लेकीला माझ्याकडे सोडताना दारात उभं राहून हुकूम सोडलास की ऑफिसच्या समारंभात ती स्टेजवर कविता म्हणणार, फ्रॉक झोकदार हवा. तुझ्या देखतच मी माप घेतलं. आकडे मला येत नाहीत, दोरीला गाठी मारते. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवतेय, पण इथे फसले. फ्रॉक घातला तर छातीत ढगळ, कंबर चार बोटं खाली. वाटलं, डोळे गेले माझे. पुन्हा दोरी लावली तेव्हा कळलं. तू समोर होतास तोवर पोर खांदे कानाशी नेऊन, श्वास कोंडून उभी होती. मी तुझ्या धाकाचं माप घेऊन बसले होते! सगळा फ्रॉक उसवला. दोरी सोबत पाठवतेय, एक गाठ तुझ्यासमोरची, दुसरी तू गेल्यावरची; दोन गाठींमधलं अंतर बघ आणि लाज वाटते का तेही बघ.

कविता म्हण म्हटलं की तिच्या पोटात कळ येते, तोंड कोरडं पडतं, तळवे गार आणि ओले. तू म्हणतोस नाटकं करते. अरे शहाण्या, नाटक येत असतं तर स्टेजला कशाला घाबरली असती?

आणि तू रे? शाळेत कविता म्हणायला उभं केलं, तर तपासणीला आलेल्या साहेबांच्या बुटांवर भर वर्गात ओकला होतास. बूट मी पुसले. तुझे वडील छडी घेऊन आले तेव्हा दारात आडवी मी उभी राहिले. तू विसरलास, बरंच झालं. पण ती छडी आता तुझ्या जिभेत आलीय, आणि दार अजून माझंच आहे.

रविवारी तिला न्यायला येऊ नकोस. समारंभ होऊन जाऊ दे, मग ये. मला अक्षर येत नाही, मग हे लिहितंय कोण? तीच. बुटांपाशी खुदकन हसली. ‘येऊ नकोस’ला मात्र थांबली. म्हटलं, नको वाटत असेल तर खोड. तिनं तळहात फ्रॉकला पुसला आणि लिहिलं. तुझ्या तोंडावर तिला नाही म्हणता येत नाही, म्हणून हा कागद.

तुझीच,
(अजून तरी) आई

ता. क. खारी बिस्किटं पाठव, मोठा डबा. हल्ली तिचं पोट दुखत नाही, माझ्या वाटणीचीही फस्त करते.